वळणावर सोडलेली जागा

गंधार पुण्याहून ते यंत्र घेऊन आला तेव्हा मालिनीला वाटलं, आणखी एक. वेदच्या अपघातानंतर नातेवाइकांनी काही ना काही आणून दिलंच होतं. कुणी चुंबकाची गादी, कुणी केरळातलं तेल, कुणी बोटांना चमचा बांधून ठेवणारा पट्टा. गंधारच्या खोक्यात काडेपेटीएवढा एक कॅमेरा होता आणि प्लॅस्टिकची एक तीन टोकांची चिमटी. तिन्ही टोकांना चकचकीत ठिपके चिकटवलेले.

"ही टोपीला लावायची, काकू," गंधार म्हणाला. तो मालिनीच्या दिरांचा मुलगा, वेदपेक्षा थोडा मोठा, पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत. "विमानाचे गेम खेळणारे लोक वापरतात. कॅमेऱ्याला हे ठिपके दिसतात, त्यावरून मान किती फिरली ते त्याला कळतं. मान डावीकडे केली की पडद्यावर विमानाच्या डाव्या खिडकीतलं दिसतं. आपण जरा वेगळं करू. मान वळवली की गाडी वळेल."

वेद चाकाच्या खुर्चीत खिडकीकडे तोंड करून बसला होता.

"कुठली गाडी?" त्याने विचारलं.

बऱ्याच दिवसांत त्याने स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मालिनी चहा टाकायला निघाली होती, ती दारातच थांबली.

वेद लहानपणापासून गाड्यांचा वेडा. पावस गावाच्या रस्त्याला गोपाळकृष्णांची, म्हणजे त्याच्या वडिलांची, आंब्याची बाग होती. तिथल्या जुन्या जीपवर तो शाळेत असतानाच गाडी शिकला. डिप्लोमा झाल्यावर हंगामात पेट्यांनी भरलेली पिकअप तोच वाशीच्या मार्केटला न्यायचा आणि परत आल्यावर कुठल्या घाटात कुठलं वळण कसं घेतलं ते जेवताना वडिलांना ऐकवायचा. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "सावकाश ये हो." अपघात झाला तो मात्र मोटरसायकलवर, रत्नागिरीत नाचणे भागातल्या घरापासून हाकेच्या अंतरावर, रस्त्यात सांडलेल्या खडीवरून घसरून. मानेचा मणका मोडला. मान फिरायची, खांदे जरा उचलायचे, उजवं कोपर थोडंसं हलायचं. त्याखाली काही नाही.

गंधार त्या खेपेला सुट्टी वाढवून राहिला. कॅमेरा पडद्याच्या डोक्यावर बसवला, चिमटी वेदच्या टोपीच्या कडेला. मान डावी-उजवी केली की चाक फिरणार, हनुवटी खाली दाबली की वेग वाढणार, वर केली की कमी. ब्रेकसाठी खुर्चीच्या हातावर एक मोठं बटण, कोपराने दाबायचं. सांगायला सोपं होतं. पहिल्या दिवशी गाडी रस्त्यावर थांबेचना. वेदने श्वास घेतला तरी ती झाडात जायची. मान पुरती वळवावी तर पडदाच दिसायचा नाही. मग गंधारने हिशेब बदलला. मान मधोमध असताना थोडीफार हलली तर यंत्राने तिकडे लक्ष द्यायचं नाही. त्यापुढे मात्र इवलीशी हलली तरी चाक भरपूर वळलं पाहिजे. तो आकडे बदलत राहिला, वेद "थोडं कमी", "आता डावं जास्त होतंय" असं सांगत राहिला. मधूनच वेदच्या पायांना झटके यायचे, खुर्ची हलायची, गाडी दरीत जायची आणि दोघं हसायचे. त्या घरात हसण्याचा आवाज येत होता म्हणून गोपाळकृष्ण अंगणातून आत येऊन बघून गेले.

गंधार पुण्याला परतल्यावर ते सगळं मालिनीवर आलं. ती शाळेत भूगोल शिकवायची. यंत्रांशी तिचा संबंध मोबाईलपुरता. पण ती शिकली. टोपी भुवयांच्या किती वर बसवायची, चिमटी तिरकी झाली तर गाडी एका बाजूला का ओढते, सगळं. एकदा वेदच्या मागच्या टेबलावर तिने स्टीलचा पेला ठेवला होता. खिडकीतलं ऊन पेल्यावर पडलं, कॅमेऱ्याला तो चौथा ठिपका वाटला आणि वेदची गाडी जागच्या जागी गरगर फिरायला लागली. "आई, मला भोवळ आली की गाडीला?" वेद ओरडला. तेव्हापासून खेळायच्या वेळी ती पश्चिमेच्या खिडकीचा पडदा ओढून घ्यायची आणि खोलीतलं चमकणारं सगळं उचलून न्यायची.

खेळून झालं की वेदची मान ताठ व्हायची. ती तेल लावून मान चोळायची. तो तेव्हा खूप बोलायचा. आज कुठल्या वळणाला काय झालं, कोण कसं घसरलं. मालिनीला त्यातलं निम्मं कळायचं नाही, पण हात थांबवावासा वाटायचा नाही.

हळूहळू तो इतर लोकांशी खेळायला लागला. डोंगरातल्या रस्त्यांवरच्या गाड्यांच्या शर्यतीचा तो गेम होता, आणि कोकणातल्या पोरांचा त्यात एक ग्रुप होता. दर रविवारी संध्याकाळी त्यांची शर्यत असायची. ती भरवायचा मंडणगडचा रामा, मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला, मोठ्या आवाजाचा. खेळणाऱ्यांत दापोलीची भार्गवीही होती, कृषी विद्यापीठात शिकणारी. ग्रुपमध्ये तिचं नाव बिबट्या आणि वेदचं नाव कातळ. कानाला हेडफोन लावून सगळे खेळता खेळता बोलायचे. खोलीबाहेर मालिनीला फक्त वेदचं बोलणं ऐकू यायचं.

"ए बिबट्या, आत घुसू नकोस, दरीत घालीन!"

"अगो, तो तुझा रस्ता आहे काय? सगळ्यांचा रस्ता आहे!"

"हसतेस काय? पुढच्या रविवारी बघ."

भार्गवी वेदला कधीच जागा द्यायची नाही. तिची निळी गाडी वळणाच्या आतल्या अंगाला चिकटून चालायची. बाहेरून काढायला गेलं तर ती बाहेर सरकायची. वेद तिला शिव्या घालायचा आणि आठवडाभर तिच्याबद्दलच बोलायचा. एका रविवारी त्याने तिला शेवटच्या वळणावर मागे टाकलं, तेव्हा तो एवढ्या जोरात ओरडला की शेजारच्या दर्शनाताई काय झालं म्हणून धावत आल्या. त्या खोलीच्या दारात उभ्या राहून बघत राहिल्या. टोपी, चिमटी, पडद्यावरची गाडी आणि हसून लाल झालेला वेद.

"बाई बाई," त्या मालिनीला म्हणाल्या, "नुसत्या मानेने? हे लोकांना दाखवायला पाहिजे हो."

ते वाक्य मालिनीच्या डोक्यात राहिलं.

तिला कारणही होतं. गेली काही वर्षं ती कुठेही गेली तरी लोक एकच विचारायचे. लग्नात, शाळेत, बाजारात. "वेद काय करतो हल्ली?" ती म्हणायची, "आहे बरा." "दिवसभर काय करतो?" "कॉम्प्युटरवर असतो, गेम खेळतो." मग समोरच्याच्या चेहऱ्यावर यायचं ते तिला पाठ झालं होतं. बिचारा, गेम तरी खेळतो. त्यांना सांगावंसं वाटायचं, अहो, तो धडधाकट पोरांना हरवतो. पण सांगून काय कळणार?

विनीत तिचा जुना विद्यार्थी. रत्नागिरीतल्या बातम्यांचा त्याचा चॅनल होता, मोबाईलवर बरेच लोक बघायचे. तो मारुती मंदिराजवळ भेटला तेव्हा तिने त्याला सहज सांगितलं. तो लगेच म्हणाला, "बाई, आपण करू या की वेदवर."

तिने घरी येऊन वेदला विचारलं.

"नको," वेद म्हणाला.

"अरे, चांगलं दाखवेल तो. आपला विनीत."

"आई, नको म्हटलं ना."

त्याने कारण सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. लाजत असेल, असं तिला वाटलं. पुढच्या रविवारी तो खेळत असताना ती त्याच्या मागे उभी राहिली आणि मोबाईलवर त्याचं चित्रण केलं. टोपीवरची चिमटी, मानेची ती नाजूक हालचाल, खुर्चीच्या हातावर निपचित पडलेला हात, कोपर उचलून दाबलेलं बटण आणि पडद्यावर डोंगरातून सुसाट जाणारी, वर 'कातळ' नाव असलेली लाल गाडी. वेदच्या कानाला हेडफोन होते. त्याला काही कळलं नाही. तिने ते विनीतला पाठवलं. त्याने विचारलं, "टाकू का बाई?" आणि तिने लिहिलं, "टाक."

विनीतने त्याला सनईचे सूर जोडले. सुरुवातीला वेदचा पिकअपजवळ उभा राहिलेला जुना फोटो घातला, तोही मालिनीनेच दिलेला. मग अपघाताची बातमी, मग हे चित्रण. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी ते बघितलेलं होतं. मुख्याध्यापकांनी तिचा हात हातात घेतला. मुंबईहून नणंदेचा रडत फोन आला. मालिनीचे डोळे दिवसभर भरून येत होते. संध्याकाळी पेढे घेऊन ती घरी आली.

वेद खिडकीशी होता. गोपाळकृष्ण त्याच्या शेजारी स्टुलावर बसले होते.

"तू त्याला विचारलं होतंस?" त्यांनी मालिनीला विचारलं.

तिने पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. "अहो, लोक किती कौतुक करतायत..."

"विचारलं होतंस का, एवढंच विचारतो आहे."

वेदने मान वळवून तिच्याकडे बघितलं. तो रागावेल, ओरडेल, असं तिला वाटलं. तो फक्त म्हणाला, "ग्रुपवर कुणीतरी तो व्हिडिओ टाकलाय."

रविवारी तो खेळायला बसला. मालिनीने नेहमीसारखा पश्चिमेचा पडदा ओढला, टोपी घातली, चिमटी सरळ केली. ती बाहेर जायला निघाली तेव्हा तो म्हणाला, "थांब इथेच. बघ." त्याने तिला हेडफोन काढून आवाज स्पीकरवर घ्यायला सांगितला.

"कातळ भाऊ!" रामाचा आवाज आला. "भावा, तू खरा हिरो आहेस. आम्ही सगळे रडलो रे. माझी आई सुद्धा रडली."

"बरं," वेद म्हणाला. "शर्यत लाव."

कुणी शिवी दिली नाही. कुणी कुणाला दरीत घालण्याची भाषा केली नाही. गाड्या सुटल्या. पहिल्या अवघड वळणाला भार्गवीची निळी गाडी पुढे होती, वेदची लाल गाडी तिच्या मागे. मालिनी आता हे बघून बघून शिकली होती. निळी गाडी आत चिकटणार आणि वेद शिव्या देणार. पण निळी गाडी हळूच बाहेरच्या अंगाला सरकली. आत गाडीभर जागा मोकळी पडली. वेदने हनुवटी दाबली नाही, वेग वाढवला नाही, तरी तो पुढे गेला. त्याच्यापुढच्या गाडीने सरळ रस्त्यावर ब्रेक लावला. तो तिच्याही पुढे गेला. घाटमाथ्यावर पोचला तेव्हा त्याच्यापुढे कुणीच नव्हतं.

"भारी! जिंकलास भावा!" सगळे एकदम बोलायला लागले. भार्गवीचा आवाज त्यात नव्हता.

"आई, टोपी काढ," वेद म्हणाला.

तिने टोपी काढली. मान चोळायला ती तेल घेऊन आली, तर तो म्हणाला, "मान दुखत नाही आहे. मी काही केलंच नाही आज."

"त्यांनी तुला जागा दिली, एवढंच ना? प्रेमाने दिली असेल."

वेदने मान खिडकीकडे वळवली. मग बोलला ते मालिनीला शब्दान् शब्द लक्षात राहिलं.

"घरात मला उचलून ठेवावं लागतं. आंघोळीला उचला, कुशीवर वळवा, खुर्चीत बसवा. तुम्ही दोघं करता, मला त्याचं वाईट नाही वाटत. पण तिथे मला कुणी उचलत नव्हतं, आई. आता तिथे पण उचलायला लागले."

"मी विनीतला काढून टाकायला सांगते."

"काढून काय होणार आहे?" तो म्हणाला. "मी त्यांना सांगितलं होतं, मी पिकअप चालवतो. कशेडी घाटात टायर फुटला, वाशीत रात्रभर लायनीत थांबलो, असलं काय काय. खोटं नव्हतं ते. फक्त जुनं होतं. त्या फोटोतल्या पिकअपचं."

मालिनीला हे माहीत नव्हतं. तिने विचारलं असतं तर कळलं असतं. त्याने "नको" म्हटलं तेव्हा "का रे?" एवढं जरी विचारलं असतं.

विनीतने तो व्हिडिओ लगेच काढून टाकला. बिचारा माफी मागत राहिला. तोवर व्हिडिओ कुठे कुठे गेला होता, त्याला मोजदाद नव्हती. वेद खेळायचा थांबला. कॉम्प्युटरचा पडदा काळा, त्याच्यावर कॅमेरा तसाच. रविवारी संध्याकाळी तो गोपाळकृष्णांना म्हणायचा, "बाबा, मला अंगणात न्या." ते त्याला फणसाखाली नेऊन बसवायचे आणि स्वतः पेट्यांच्या फळ्या ठोकत बसायचे. फिजिओथेरपीच्या मुलीलाही वेद "आज नको" म्हणायला लागला. मालिनी समोर आली की तो नीट बोलायचा, चहा मागायचा, जेवायचा. तिच्यावर चिडत नव्हता. त्याचाच तिला जास्त त्रास व्हायचा.

शेवटी एका शनिवारी तिने शाळेत रजा टाकली आणि एसटीने दापोलीला निघाली. घरी सांगितलं, शिक्षकांचं प्रशिक्षण आहे. भार्गवीचा नंबर गंधारने तिला ग्रुपवरून काढून दिला होता आणि तिने येते म्हणून कळवलं होतं. खेडला गाडी बदलताना तिला वाटलं, परत फिरावं. कशाला चाललो आहोत आपण? एका परक्या पोरीला काय सांगणार, माझ्या मुलाला हरव म्हणून?

भार्गवी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत भेटली. सडपातळ, केस वर बांधलेले, हातांना माती. बिबट्या म्हणून मालिनीच्या डोळ्यांसमोर कुणीतरी दांडगट पोरगी होती. भार्गवीने नळावर हात धुतले आणि तिला काजूच्या कलमांच्या मांडवाखाली बाकावर बसवलं.

"कसा आहे तो?" तिने आधी विचारलं.

"खेळत नाही."

"माहीत आहे. मी मेसेज केले. उत्तर देत नाही."

मालिनीने बसमध्ये जुळवलेलं सगळं विसरून सरळ विचारलं, "तू त्या दिवशी जागा का दिलीस गो त्याला?"

भार्गवीला ते लागलं असावं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"काकू, खरं सांगू? मी ठरवून नाही दिली. वळण आलं आणि मला तो हात दिसला. खुर्चीवरचा. तुमच्या व्हिडिओतला. माझा हात आपोआपच वळला. शर्यत संपल्यावर मला कळलं, मी काय केलं ते."

"मग आता नको देऊस. तू पूर्वीसारखी खेळ. मी त्याला बसवते परत. तू त्याला हरव, शिव्या दे, काय हवं ते कर."

"मी एकटीच सराव करून बघितला तसा. समोरची गाडी त्याचीच आहे असं धरून." भार्गवीने मान हलवली. "नाही जमत. आणि जमलं तरी त्याला वाटणारच की मी मुद्दाम करते आहे. तेही एक प्रकारे जागा देणंच झालं ना?"

मांडवाबाहेर कुणीतरी रोपांना पाणी घालत होतं.

"तो मला सांगायचा, आज वाशीहून आलो, आज पेट्या भरल्या," भार्गवी म्हणाली. "एकदा मला विचारत होता, कशेडीच्या नव्या बोगद्यात उजेड कसा असतो. मी म्हटलं, तू तर रोज जातोस, मला काय विचारतोस? तर हसला. म्हणाला, मी गाडी चालवताना दिवे बघत नाही. मला आता सारखं तेच आठवतं. त्याने तो बोगदा बघितलेलाच नाही." तिचा आवाज जरा चढला. "वर्षभर मित्र होतो आम्ही. तो माझ्याशी खोटं बोलला, काकू. मला भांडायचं होतं त्याच्याशी. कडकडून. पण आता मी त्याच्याशी भांडले तर मी कसली माणूस? सगळे म्हणतील, त्या मुलाशी भांडली. तुम्ही मला रागवायची सुद्धा सोय ठेवली नाहीत."

ती हे बोलून घाबरली. "सॉरी काकू. मी असं बोलायला नको होतं."

"नाही, बोल तू," मालिनी म्हणाली. "खरं आहे ते."

भार्गवीने तिला कॅन्टीनमध्ये चहा पाजला, स्टँडपर्यंत सोबत आली आणि गाडी हलेपर्यंत थांबली. खिडकीतून ती म्हणाली, "मी फोन करते त्याला. उचलेल की नाही माहीत नाही."

वेदने फोन उचलला, म्हणजे मालिनीने त्याच्या कानाला हेडफोन लावून दिले आणि ती खोलीबाहेर गेली. दारापलीकडून फार काही ऐकू आलं नाही. तो "हो", "बरोबर आहे" असं म्हणत होता. एकदा "सॉरी" म्हणाला. फोन लवकर संपला.

"तू दापोलीला गेली होतीस," ती फोन घ्यायला आत आली तेव्हा तो म्हणाला.

"हो."

"मला न विचारता."

ती खाटेच्या कडेवर बसली. ह्या वेळी मात्र तिने काही पटवून द्यायला घेतलं नाही, कारणं दिली नाहीत. "चुकलं माझं," ती म्हणाली. "दोन्ही वेळेला."

वेदने मान तिच्याकडे वळवली. "मला माहीत आहे तू का केलंस ते," तो म्हणाला. "पण आई, माझ्याकडे लपवायला तेवढी एकच गोष्ट होती. बाकी सगळं तर सगळ्यांना दिसतंच."

पाऊस सरला, नवरात्र झालं. दिवाळीला गंधार आला. तो आणि वेद दार लोटून बरंच काही करत बसले. गंधार गेल्यावर एका दुपारी वेदने मालिनीला हाक मारली.

"टोपी घालतेस?"

तिने पडदा ओढला. टोपी घातली, चिमटी सरळ केली.

"गंधारने नवीन खातं काढून दिलंय," तो म्हणाला. "दुसऱ्या नावाने. दुसऱ्या ग्रुपमध्ये. सगळे लांबचे लोक आहेत, कुठले कुठले. बोलणं नाही. फक्त खेळायचं."

"कुठलं नाव?" तिच्या तोंडातून निघून गेलं.

"ते नको विचारू."

"बरं."

"आणि दार लावून घे."

तिने दार लावून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. तो पुन्हा खेळत होता, ह्याचा आनंद तिला झाला होता. आता हेडफोन नव्हते, त्यामुळे खोलीतून इंजिनांचा आवाज येत होता, टायर घासल्याचा, गाडी कड्यावर आपटल्याचा. वेदचा आवाज मात्र नव्हता. कुणाला अगो नाही, कुणाला दरीत घालीन नाही. तिने बराच वेळ कान देऊन ऐकलं.

मग रोजच तसं व्हायला लागलं. खेळून झालं की तो हाक मारायचा, ती टोपी काढायची, तेल घेऊन मान चोळायची. मान चांगलीच ताठलेली असायची, म्हणजे कुणीतरी त्याला सोडत नव्हतं. जिंकलास की हरलास, ते ती विचारायची नाही आणि तो सांगायचा नाही. कधी तो म्हणायचा, "उजवीकडे जरा जोरात चोळ," आणि ती चोळायची. गोपाळकृष्ण एकदा जेवताना म्हणाले, "पोरगा पुन्हा खेळायला लागला, बरं झालं." ती म्हणाली, "हो, बरं झालं." आणि त्यांच्या पानात भात वाढला.

मोहोर आला त्या सुमारास एका संध्याकाळी भार्गवीचा मालिनीला फोन आला. ती अधूनमधून करायची. वेदने तिच्याशी नंतर बोलणं ठेवलं नव्हतं. तिचे मेसेज आले की तो नुसतं "ठीक आहे" असं सांगून मालिनीला लिहायला लावायचा.

"काकू, एक विचारू?" भार्गवी म्हणाली. "वेद परत खेळतो का हो? म्हणजे दुसऱ्या कुठल्या नावाने? रामाने कुठेतरी एक गाडी बघितली म्हणे. वळणं अगदी त्याच्यासारखी घेते. शेवटपर्यंत ब्रेक लावत नाही. मी म्हटलं, तोच असला तर... मी सांगणार नाही कुणाला. मी नुसती त्या ग्रुपमध्ये जाईन. त्याला कळणार पण नाही मी आहे ते."

मालिनीने खोलीच्या बंद दाराकडे बघितलं. आतून इंजिनाचा आवाज येत होता. ह्या मुलीला हो म्हणावं, असं तिला फार वाटलं. त्या दोघांची शर्यत पुन्हा एकदा व्हावी, कुणी कुणाला जागा देऊ नये, घर पुन्हा शिव्यांनी भरावं. पण भार्गवीला कळलं की समोरची गाडी त्याची आहे, की वळणावर तिचा हात पुन्हा आपोआप वळणार. आणि हे सांगायचं की नाही, ते मालिनीच्या हातात नव्हतंच.

"नाही गो," ती म्हणाली. "तो नाही खेळत आता."

"नक्की?"

"नक्की."

पलीकडून भार्गवी म्हणाली, "बरं. त्याला सांगा, मी विचारलं होतं म्हणून."

थोड्या वेळाने वेदने हाक मारली. मालिनीने आत जाऊन टोपी काढली, पडदा बाजूला केला.

"कुणाचा फोन होता?"

"भार्गवीचा."

"काय म्हणाली?"

"तू खेळतोस का, विचारत होती."

"मग?"

"नाही म्हटलं."

वेदने मान हलवली. "बरं केलंस," तो म्हणाला. ती तेलाची बाटली उघडून त्याच्या मागे उभी राहिली आणि मान चोळायला लागली. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "बरी आहे ना ती?"

"बरी आहे. परीक्षा जवळ आली आहे तिची. आवाज दमलेला वाटला जरा."

तो आणखी काही विचारेल म्हणून मालिनी थांबली. तिच्याशी बोल की रे एकदा, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने हातावर आणखी तेल घेतलं. वेद खिडकीबाहेर बघत राहिला आणि ती त्याची मान चोळत राहिली.